हव्या त्या विषयाची जागा कोणाला मिळते?

एमबीएच्या पहिल्या वर्षी वेळापत्रक आयते हातात पडते. हिशेबशास्त्र, मार्केटिंग, सांख्यिकी, संघटनेतील माणसांचे वागणे हे सगळे विषय सगळ्यांना सक्तीचे असतात. मग उन्हाळ्यात दोनेक महिन्यांची इंटर्नशिप होते आणि विद्यार्थी दुसऱ्या वर्षासाठी कॅम्पसवर परततो, तेव्हा चित्र बदललेले असते. आता वेळापत्रक त्याचे त्यालाच बांधायचे असते. समोर पन्नास-साठ ऐच्छिक विषयांची, म्हणजे इलेक्टिव्हची यादी असते. त्यातले पाच निवडायचे असतात आणि सगळ्यांची नजर त्याच सात-आठ विषयांवर असते.

निकाल लागतो तेव्हा एक कोडे उभे राहते. दोन विद्यार्थी एकाच वर्गातले, फी सारखीच, गुणही जवळपास सारखेच. एकाला हवे होते ते पाचही विषय मिळतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले येतात. पक्षपात कोणी केलेला नसतो, वाटपही संगणकाने केलेले असते. तरी असे का होते, याचे उत्तर संगणकाला दिलेल्या नियमात आहे. नियम बदलला की त्याच जागा त्याच मुलांमध्ये वेगळ्या वाटल्या जातात. एवढेच नाही, तर मुले फॉर्मवर लिहितात त्या आवडीनिवडीही बदलतात.

जागा कमी का पडतात

पहिल्या वर्षी हा प्रश्न येत नाही, कारण सक्तीच्या विषयाला जेवढी मुले तेवढ्या तुकड्या करता येतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये सुमारे 900 विद्यार्थ्यांची तुकडी साधारण नव्वद-नव्वदच्या दहा वर्गांत विभागलेली असते आणि तोच धडा वेगवेगळे प्राध्यापक वेगवेगळ्या वर्गांत घेतात. दुसऱ्या वर्षीचा ऐच्छिक विषय मात्र बहुधा एकाच प्राध्यापकाच्या अभ्यासातून उभा राहिलेला असतो. वाटाघाटींचे तंत्र शिकवणारा नामवंत प्राध्यापक एकच, त्याच्याकडे वेळ तेवढाच आणि वर्ग चर्चेवर चालणारा. तिथे चारशे मुले बसवली तर चर्चेचे व्याख्यान होते आणि ज्यासाठी गर्दी झाली तेच हरवते.

बाजारात मागणी वाढली की भाव वाढतो. इथे फी आधीच भरलेली असते, त्यामुळे पैशाने निवाडा करता येत नाही. ‘आधी येईल त्याला’ म्हटले तर ठरलेल्या मिनिटाला सगळे एकदम लॉगिन करतात, सर्व्हर बसतो आणि ज्याचे नेट धीमे त्याचा पत्ता कटतो. गुणांवर जागा द्यायच्या म्हटले तर पहिल्या वर्षी पुढे असलेल्यांनाच पुन्हा झुकते माप मिळते. जो विद्यार्थी हिशेबात कच्चा पण जाहिरातीत तरबेज आहे, त्याला जाहिरातीचा विषय नाकारण्यात फारसे शहाणपण नाही.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठसंलग्न कॉलेजांत अडचण बऱ्याचदा उलटी असते. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत ऐच्छिक विषयांची यादी लांबलचक असते, पण पुरेशी मुले मिळाली नाहीत तर कॉलेज तो विषय चालवतच नाही. पुढचे विवेचन मात्र गर्दीच्या विषयांबद्दलचे आहे.

कॅपची रीत इथे का अडते

मराठी वाचकाला जागावाटपाची एक रीत चांगली परिचयाची आहे. एमबीए-एमएमएसच्या प्रवेशासाठी राज्याचा सीईटी सेल कॅप राउंड घेतो. विद्यार्थी कॉलेजांचा पसंतीक्रम भरतो. गुणवत्ता यादीत जो वर त्याच्या पसंतीचा विचार आधी, मग त्याच्या खालच्याचा. आरक्षणाचे प्रवर्ग आणि फेऱ्यांचे नियम बाजूला ठेवले, तर एका फेरीपुरता हिशेब सरळ आहे: ज्याची पाळी, त्याने उरलेल्यातले सगळ्यात आवडते घ्यावे. अर्थशास्त्रात या पद्धतीला ‘क्रमवार हुकूमशाही’ म्हणतात. नाव भयंकर असले तरी पद्धतीत एक मोठा गुण आहे. खरी आवड लपवून कोणाचाही फायदा होत नाही, कारण पाळी आली की यादीतले वरचे शक्य तेच मिळते.

कॅपमध्ये प्रत्येकाला एकच जागा हवी असते, म्हणून हे निभते. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाच किंवा दहा विषय हवे असतात. गुणवत्तेऐवजी चिठ्ठ्या टाकून क्रम लावला, तरी पहिला नंबर लागलेला विद्यार्थी एकाच पाळीत दहाही विषय उचलतो. ही बुफेची रांग झाली. पुढे उभा असलेला पाहुणा ताटात चार जिलब्या वाढून घेतो. चौथी खाल्ली काय, न खाल्ली काय, त्याला विशेष फरक पडत नाही, पण रांगेच्या टोकाला पातेले रिकामे असते आणि तिथल्या माणसाला एकही जिलबी मिळत नाही. पंगतीत असे होत नाही. वाढपी सगळ्यांना एक-एक वाढून जातो आणि दुसरी फेरी दुसऱ्या टोकाकडून सुरू करतो.

रांगेतल्या पहिल्याला मागच्यांचे नुकसान दिसत नाही आणि त्याने ते पाहावे असे काही नियम सांगतही नाही. त्याचा नववा-दहावा विषय त्याला जेमतेम आवडणारा असू शकतो. तोच विषय शेवटच्या मुलाचा जीव की प्राण असू शकतो.

हार्वर्डची पंगत

हार्वर्डमध्ये दुसऱ्या वर्षाचे विषय वाटण्याची जी पद्धत अभ्यासकांनी तपासली, ती पंगतीसारखीच आहे. प्रत्येक विद्यार्थी विषयांचा पसंतीक्रम देतो. संगणक चिठ्ठ्या टाकून मुलांचा क्रम लावतो. पहिल्या फेरीत पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाला एक विषय मिळतो. दुसऱ्या फेरीत क्रम उलटतो आणि शेवटचा पहिला होतो. असे उलटसुलट करत सगळ्यांचे विषय पूर्ण होतात.

न्याय्य वाटते. पण या पद्धतीत एक फट आहे, आणि ती दाखवायला दोन विद्यार्थी आणि चार विषय पुरतात. प्रत्येक विषयात एकच जागा आहे आणि प्रत्येकाला दोन विषय घ्यायचे आहेत असे धरू. ‘अ’ची खरी आवड क्रमाने अशी: ब्रँड, वाटाघाटी, स्टार्टअप, डेरिव्हेटिव्ह. ‘ब’ची आवड: वाटाघाटी, स्टार्टअप, डेरिव्हेटिव्ह आणि सगळ्यात शेवटी ब्रँड. चिठ्ठीत ‘अ’ पहिला आला.

दोघांनी खरे सांगितले तर ‘अ’ ब्रँड घेतो. मग ‘ब’ वाटाघाटी घेतो आणि क्रम उलटल्यामुळे लगेच स्टार्टअपही घेतो. ‘अ’ला उरते डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्याची चौथी पसंती. आता ‘अ’ने थोडा डाव खेळला आणि वाटाघाटी पहिली लिहिली असे समजा. ‘ब’ला स्टार्टअप आणि डेरिव्हेटिव्ह घ्यावे लागतात, कारण ब्रँड त्याला नकोच आहे. शेवटी ब्रँड ‘अ’ची वाट पाहत तसेच शिल्लक असते. ‘अ’ला पहिल्या दोन्ही पसंती मिळाल्या आणि खरे बोलणारा ‘ब’ दुसऱ्या-तिसऱ्यावर घसरला.

युक्ती एवढीच की जो विषय कोणी पळवणार नाही तो खाली ठेवायचा आणि जो पटकन संपणार तो वर आणायचा. हे सगळ्यांना कळले की गर्दीचे विषय होते त्याहूनही लवकर भरतात आणि ज्याला तो विषय मनापासून हवा होता तोच बाहेर राहतो. एरिक बुडिश आणि एस्टेल कँटियॉन या अर्थशास्त्रज्ञांनी हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या याद्या आणि त्यांच्या खऱ्या आवडी यांची तुलना केली. त्यांचा अभ्यास 2012 मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये प्रसिद्ध झाला. मुले डाव खेळतात आणि त्याने एकूण नुकसान होते, हे त्यात दिसले. मात्र खरा धक्का पुढे होता. एवढा डाव खेळूनही पंगत बुफेपेक्षा सरस ठरली. खोटेपणाला वाव न देणारी पद्धत आपोआप चांगली, हा अर्थशास्त्रातला जुना समज इथे टिकला नाही.

पॉइंटांचा बाजार

दुसरी मोठी पद्धत बोलीची. अमेरिकेतल्या अनेक बिझनेस स्कूलमध्ये ती रुळली आणि भारतातही काही आयआयएममध्ये दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी ‘बिडिंग’ हा शब्द रोजच्या बोलण्यात वापरतात. प्रत्येकाला ठरावीक पॉइंट मिळतात, समजा 100. ते हव्या त्या विषयांवर विभागून लावायचे. संगणक सगळ्यांच्या सगळ्या बोली मोठ्यापासून लहानापर्यंत लावतो आणि वरून एकेक मंजूर करत येतो. जागा संपली असेल, विद्यार्थ्याचा कोटा भरला असेल किंवा वेळ दुसऱ्या विषयाशी भिडत असेल, तर ती बोली बाद होते.

पैशाच्या लिलावाशी याचे साम्य वरवरचे आहे. खऱ्या लिलावात न खर्चलेला पैसा खिशात राहतो. पॉइंट अभ्यासक्रम संपला की कवडीमोल होतात, म्हणून शेवटच्या सत्रात सगळे उधळतात. शिवाय इथे आवडीपेक्षा अंदाजाला किंमत येते. कोणता विषय किती पॉइंटांना ‘बंद’ होईल हे ज्याला नेमके कळले, तो प्रत्येक ठिकाणी एक-दोन पॉइंट जास्त लावून पाचही विषय खिशात घालतो. ज्याचा अंदाज चुकला, तो एका विषयावर साठ पॉइंट लावून बसतो आणि तो विषय वीसला बंद झालेला असतो. मागच्या वर्षीच्या क्लोजिंग बिडची एक्सेल शीट ज्याच्याकडे आहे, त्याचे पारडे जड. सुरुवातीच्या कोड्यातले दोन विद्यार्थी बहुतेक वेळा असेच घडतात.

व्हार्टन या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये लिलाव अनेक फेऱ्यांचा होता आणि मिळालेली जागा पुढच्या फेरीत विकताही येत असे. साहजिकच ज्या विषयाला बसायचेच नाही तो स्वस्तात घेऊन महागात विकण्याचा उद्योगही शक्य झाला. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांकडून दुसरी कसली अपेक्षा करायची!

| चौकट: काही शब्द |
|---|
| इलेक्टिव्ह: विद्यार्थ्याने स्वतः निवडलेला ऐच्छिक विषय. |
| बिड: एका विषयावर लावलेले पॉइंट. |
| क्लोजिंग बिड: जागा मिळालेल्यांपैकी सगळ्यात कमी बोली. त्या विषयाचा त्या सत्रातला भाव. |
| ॲड-ड्रॉप: वाटपानंतर विषय सोडण्याची किंवा नवा घेण्याची मुदत. |

एका आकड्यावर दोन कामे

बोलीपद्धतीतली सगळ्यात मूलभूत चूक तैफुन सोन्मेझ आणि उत्कु उन्वर यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात दाखवली. बोलीचा आकडा एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो असे संगणक मानतो: विद्यार्थ्याला विषय किती आवडतो आणि त्या जागेवर त्याचा हक्क किती. प्रत्यक्षात या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

एका विद्यार्थिनीला ग्रामीण बाजारपेठेचा विषय सगळ्यात जास्त हवा आहे. त्याला फारशी गर्दी नसते हे तिला माहीत आहे, म्हणून ती त्यावर दहाच पॉइंट लावते. कंपन्यांच्या विलीनीकरणाचा विषय तिची दुसरी पसंती. तिथे झुंबड असते, म्हणून साठ लावते. दोन्ही तास मंगळवारी सकाळी एकाच वेळी आहेत. संगणक मोठी बोली आधी पाहतो आणि विलीनीकरणाची जागा तिच्या नावावर टाकतो. मग दहाच्या बोलीपाशी येतो तर वेळ भिडते, म्हणून ती रद्द. ग्रामीण बाजारपेठेचा विषय शेवटी आठ पॉइंटांना बंद होतो. तिच्याकडे पुरेसे पॉइंट होते, जागाही होती, तरीही ती वर्गाबाहेरच. उद्या त्याच विषयात एखादे बाकडे रिकामे राहिले, तर कार्यालय म्हणणार की विषयाला मागणी नाही.

उपाय स्वस्तात होतो. बोलीबरोबर पसंतीक्रमही वेगळा मागायचा. मग डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी 1962 मध्ये मांडलेली रीत वापरायची. विद्यार्थी आपल्या पसंतीच्या विषयांकडे ‘अर्ज’ करतो. विषय सगळ्यात मोठ्या बोली लावणाऱ्यांना तात्पुरते धरून ठेवतो आणि बाकीच्यांना परत पाठवतो. परत आलेला आपल्या पुढच्या पसंतीकडे जातो. तिथे त्याची बोली मोठी असेल तर आधी धरलेल्या एखाद्याला उठावे लागते. कोणालाही उठवावे लागत नाही अशी स्थिती आली की मगच जागा पक्क्या होतात. वरच्या उदाहरणात संगणक आधी ग्रामीण बाजारपेठेकडे जाईल, दहाची बोली आठच्या भावाला पुरेल आणि साठच्या बोलीला हात लावायची वेळच येणार नाही. मिशिगन विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये अराधना कृष्णा आणि उन्वर यांनी हे प्रत्यक्ष विद्यार्थ्यांवर तपासले. निष्कर्ष 2008 मध्ये आला आणि तो या सुधारित पद्धतीच्या बाजूने होता. इतका साधा बदल अजून सगळीकडे झालेला नाही, याला संस्थांच्या सवयीखेरीज दुसरे कारण दिसत नाही.

भाव संगणकाने शोधायचा

पसंतीक्रम वेगळा घेतला तरी अंदाजाचा खेळ पुरता संपत नाही. किती पॉइंट कुठे लावायचे हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. बुडिश यांनी 2011 मध्ये हा भार उलटा करून दाखवला. विद्यार्थ्याने बोली लावायचीच नाही. कोणते विषय किती आवडतात एवढेच सांगायचे. भाव काढण्याचे आणि खरेदीचे काम संगणकाचे.

प्रत्येकाला खोट्या पैशाचे जवळपास सारखे बजेट मिळते. संगणक प्रत्येक विषयाला एक भाव लावून पाहतो आणि त्या भावाला प्रत्येक विद्यार्थ्यासाठी बजेटात बसणारे सगळ्यात आवडते वेळापत्रक काढतो. मग एखाद्या वर्गात जागांपेक्षा जास्त मुले आली तर भाव चढवतो, कमी आली तर उतरवतो आणि पुन्हा सगळ्यांची वेळापत्रके काढतो. मागणी आणि जागा यांचा मेळ बसेपर्यंत हे हजारो वेळा चालते.

बजेट अगदी सारखे का नाही, हा प्रश्न इथे स्वाभाविक आहे. दोन मुले, दोघांकडे 100, आणि दोघांना हवी असलेली एकच जागा. भाव 100 ठेवला तर दोघेही घेऊ पाहतात. किंचित वाढवला तर कोणालाच परवडत नाही. मेळ बसवणारा भावच सापडत नाही. एकाकडे 100 आणि दुसऱ्याकडे 101 असले की मधला भाव चालतो. म्हणून चिठ्ठ्या टाकून बजेटात बारीकसा फरक ठेवतात. नशिबाचा वाटा राहतो, पण नखाएवढा. गर्दीची एक जागा ज्याच्या हातून निसटली, त्याच्याकडे दुसऱ्या चांगल्या जागेसाठी पैसे शिल्लक असतात. वरच्या वर्गाला प्राधान्य द्यायचे असेल तर त्यांचे बजेट थोडे वाढवता येते.

व्हार्टनने 2013 च्या शरद सत्रापासून लिलाव बंद करून ही पद्धत ‘कोर्स मॅच’ नावाने सुरू केली. जेरार कॅशॉन, जड केसलर आणि अब्राहम ओथमन यांनी बुडिश यांच्यासह ती उभी केली. विद्यार्थी प्रत्येक विषयाला 0 ते 100 मधला आकडा देतो. दोन विषय एकत्र असले तर जास्त उपयोगी, किंवा एक मिळाला तर दुसरा नको, असेही सांगता येते. या उत्तरांवरून सगळ्यात वरची दहा वेळापत्रके कोणती ठरतात, हे पडद्यावर लगेच दिसते. पहिल्या क्रमांकाचे वेळापत्रक पाहून ‘हे तर नको होते’ असे वाटले तर आकडे दुरुस्त करायचे. ही छोटीशी सोय फार मोलाची आहे. पंचवीस विषयांना आकडे देताना माणूस गोंधळतो, पण समोर ठेवलेल्या दोन वेळापत्रकांतले बरे कोणते हे त्याला चटकन कळते.

मेळ पूर्ण बसेलच अशी खात्री गणितात मिळत नाही. थोडीफार चूक राहते, मात्र तिची मर्यादा विद्यार्थ्यांच्या संख्येवर अवलंबून नसते, हा बुडिश यांच्या सिद्धतेचा महत्त्वाचा भाग. तरी वर्गात खुर्च्या मोजक्या असल्याने एकही मूल जास्त चालत नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्यात जादा गर्दी झालेल्या विषयांचे भाव वाढवून ती काढली जाते आणि तिसऱ्या टप्प्यात विद्यार्थ्यांचे बजेट थोडे वाढवून रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या भरल्या जातात.

तक्रारीला जागा उरतेच. लिलावात हरलेल्याला निदान आपण किती लावले आणि भाव किती गेला हे दिसायचे. आता निकालामागचा हिशेब सामान्य विद्यार्थ्याला हाताने पडताळता येत नाही आणि संस्थेवर भरवसा ठेवावा लागतो.

लहान तुकडीचे काय

कोर्स मॅचमध्ये खरे बोलणे हिताचे ठरते ते गर्दीमुळे. शेकडो मुलांत एकट्याच्या उत्तराने भाव हलत नाही, म्हणून डाव खेळून हाती काही लागत नाही. साठ मुलांच्या तुकडीत आणि वीस खुर्च्यांच्या वर्गात एकाच्या उत्तरानेही भाव सरकू शकतो आणि हा आधार कमकुवत होतो. शिवाय अशा प्रणालीचा खर्च छोट्या कॉलेजला झेपणारा नाही. तिथे चिठ्ठ्या आणि उलटसुलट फेऱ्यांची पंगत पुरते. ती एका एक्सेल शीटवर, सगळ्यांसमोर, तासाभरात उरकता येते आणि कोणाला काय का मिळाले हे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर राहते. चिठ्ठ्यांचा क्रम मात्र पसंतीक्रम जमा झाल्यानंतरच काढायचा. आपली पाळी कितवी हे आधी कळले, तर डाव खेळणे आणखी सोपे होते. ॲड-ड्रॉपच्या मुदतीत मोकळ्या झालेल्या जागाही ‘आधी येईल त्याला’ न देता प्रतीक्षा यादीनुसार द्यायच्या, नाहीतर पंगतीने वाटलेले तिथे पुन्हा बुफेच्या रांगेत जाते.